भौतिक राशींची मिती

भौतिक राशीची मिती म्हणजे ती राशी लांबी, वस्तुमान, काळ इत्यादी मूलभूत राशींपासून कशी घडली आहे हे दाखविणारे तिचे घटकसूत्र होय. काही ग्रंथांत मितीलाच परिमाण असेही म्हटले जाते. राशीचे एकक ठाऊक असेल, तर त्या एककाची फोड करून तिची मिती काढता येते. या मितींच्या आधारे सूत्रांची शुद्धता तपासणे, एका एकक पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत रूपांतर करणे आणि राशींमधील संबंधांचा अंदाज बांधणे या रीतीस मितीय विश्लेषण असे नाव आहे. धरणातील साठा, कालव्यातील विसर्ग, पर्जन्यमान, विजेचा वापर अशा नित्याच्या व्यवहारांतही मितीचा विचार उपयोगी पडतो. पश्चिम महाराष्ट्रातील जलशास्त्रात रूढ असलेली काही अनुभवजन्य सूत्रे आणि पुण्याजवळील खडकवासला येथील जलप्रतिकृतींचे प्रयोग ही त्याची ठळक उदाहरणे आहेत.

मिती आणि एकक यांतील भेद

मिती आणि एकक या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. फूट, मीटर, हात, कोस ही सर्व लांबीची एकके आहेत. त्यांचे मूल्य भिन्न असले तरी त्या सर्वांची मिती एकच, म्हणजे लांबी, आहे. एकक हे मनुष्याने ठरविलेले असते आणि ते बदलता येते. मिती ही राशीच्या स्वरूपातून येते आणि एकक बदलल्याने ती बदलत नाही. त्यामुळे एकच मिती असलेल्या दोन राशींचीच बेरीज, वजाबाकी किंवा तुलना करता येते. पाच मीटरमध्ये दोन फूट मिळविता येतात, त्यासाठी एककांचे रूपांतर तेवढे करावे लागते. पाच मीटरमध्ये दोन सेकंद मात्र कोणत्याही रूपांतराने मिळविता येत नाहीत.

आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत सात मूलभूत राशी मानल्या आहेत. त्या व त्यांची एकके अशी: लांबी (मीटर), वस्तुमान (किलोग्रॅम), काळ (सेकंद), विद्युतप्रवाह (अँपिअर), तापमान (केल्व्हिन), द्रव्याचे प्रमाण (मोल) आणि दीपन तीव्रता (कँडेला). बाकी सर्व राशी या सातांच्या गुणाकार-भागाकारांतून साधित होतात. यामिकीतील बहुतेक राशींसाठी पहिल्या तीन पुरेशा असतात.

चिन्हांकन

या लेखात यामिकीतील राशीची मिती (व, ल, क) या क्रमाने कंसात मांडलेल्या तीन घातांकांनी दर्शविली आहे. येथे व म्हणजे वस्तुमान, ल म्हणजे लांबी आणि क म्हणजे काळ. उदाहरणार्थ, (०, १, −१) याचा अर्थ असा की त्या राशीत वस्तुमान नाही, लांबी एकदा गुणलेली आहे आणि काळाने एकदा भागलेले आहे. ही वेगाची मिती होय. तिन्ही घातांक शून्य असल्यास ती राशी मितिहीन, म्हणजे शुद्ध संख्या, समजली जाते.

एककावरून मिती काढण्याची रीत

राशीची व्याख्या आठवत नसली तरी तिच्या एककावरून मिती काढता येते. त्यासाठी पुढील पायऱ्या पुरतात.

१. एककाला विशेष नाव असल्यास (न्यूटन, ज्यूल, वॅट, पास्कल इत्यादी) त्याची मूलभूत एककांत फोड करावी.
२. अंशातील प्रत्येक मूलभूत एककाचा घातांक धन आणि छेदातील ऋण धरावा.
३. गुणाकार असेल तेथे घातांकांची बेरीज, भागाकार असेल तेथे वजाबाकी करावी.
४. किलो, मिली, लक्ष यांसारखे संख्यात्मक गुणक सोडून द्यावेत, कारण त्यांना मिती नसते.

विशेष नावे असलेल्या एककांची फोड एकातून दुसरी अशी क्रमाने मिळते. न्यूटन म्हणजे किलोग्रॅम गुणिले मीटर भागिले सेकंदाचा वर्ग, म्हणून बलाची मिती (१, १, −२). ज्यूल म्हणजे न्यूटन गुणिले मीटर, म्हणून लांबीचा घातांक एकाने वाढून ऊर्जेची मिती (१, २, −२). वॅट म्हणजे ज्यूल भागिले सेकंद, म्हणून शक्तीची मिती (१, २, −३). पास्कल म्हणजे न्यूटन भागिले चौरस मीटर, म्हणून दाबाची मिती (१, −१, −२).

हीच रीत अपरिचित राशींनाही लावता येते. द्रवाच्या श्यानतेचे एकक पास्कल-सेकंद आहे. पास्कलच्या (१, −१, −२) मध्ये सेकंदाचे (०, ०, १) मिळविले की श्यानतेची मिती (१, −१, −१) येते. पृष्ठताणाचे एकक न्यूटन प्रति मीटर असल्याने त्याची मिती (१, ०, −२) आहे. गुरुत्वस्थिरांकाचे एकक न्यूटन गुणिले चौरस मीटर भागिले किलोग्रॅमचा वर्ग असे आहे, त्यावरून (−१, ३, −२) ही मिती मिळते. प्लँकच्या स्थिरांकाचे एकक ज्यूल-सेकंद आहे, त्याची मिती (१, २, −१) येते आणि तीच कोनीय संवेगाचीही मिती आहे.

विद्युत राशींसाठी विद्युतप्रवाहाचा चौथा घातांक जोडावा लागतो. व्होल्ट म्हणजे वॅट भागिले अँपिअर. म्हणून विद्युत विभवांतरात वस्तुमानाचा घातांक १, लांबीचा २, काळाचा −३ आणि प्रवाहाचा −१ असतो. ओहम म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर, म्हणून विद्युतरोधात प्रवाहाचा घातांक −२ होतो. विशिष्ट उष्णतेचे एकक ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति केल्व्हिन आहे. तेथे वस्तुमान अंशात व छेदात असल्याने नाहीसे होते आणि लांबीचा घातांक २, काळाचा −२ व तापमानाचा −१ उरतो.

विजेच्या बिलातील 'युनिट' हे घरगुती उदाहरण आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. वॅटची मिती (१, २, −३) आणि तासाची (०, ०, १), म्हणून युनिटची मिती (१, २, −२), म्हणजेच ऊर्जेची. ग्राहक शक्तीचे नव्हे, तर वापरलेल्या ऊर्जेचे पैसे भरतो हे यावरून स्पष्ट होते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल.

इतिहास

राशींना मिती असते ही कल्पना फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी उष्णतेच्या वहनावरील १८२२ मधील ग्रंथात मांडली. समीकरणातील प्रत्येक पदाचे घातांक जुळले पाहिजेत असे त्यांनी दाखविले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी विद्युत व चुंबकीय राशींच्या संदर्भात वस्तुमान, लांबी आणि काळ या तिहींच्या आधारे मिती मांडण्याची पद्धत रूढ केली. लॉर्ड रॅली यांनी मितींवरून भौतिक नियमांचे स्वरूप ओळखण्याची रीत अनेक प्रश्नांना लावली. आकाशाच्या निळ्या रंगाविषयीचे त्यांचे १८७१ मधील विवेचन यासाठी प्रसिद्ध आहे. एडगर बकिंगहॅम यांनी १९१४ मध्ये या रीतीला व्यापक रूप दिले. एखाद्या प्रश्नात जितक्या राशी असतील त्यांतून स्वतंत्र मूलभूत मितींची संख्या वजा केली असता जितकी संख्या उरते, तितक्या मितिहीन राशींत तो प्रश्न मांडता येतो असा त्याचा आशय आहे. तो पाय प्रमेय या नावाने ओळखला जातो.

भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने व मापे स्वीकारण्यात आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून त्यांचा टप्प्याटप्प्याने वापर सुरू झाला. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीला १९६० मध्ये आजचे नाव मिळाले. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्याऐवजी प्लँकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे. त्या स्थिरांकाच्या (१, २, −१) या मितीतील लांबी व काळ मीटर आणि सेकंदाने निश्चित होत असल्याने उरणारे वस्तुमानही निश्चित होते. या बदलाने एककाचा आधार बदलला, परंतु कोणत्याही राशीची मिती बदलली नाही.

पारंपरिक मापांची मिती

महाराष्ट्रातील जुन्या मापांनाही हाच विचार लागू होतो. अंगुळ, वीत, हात आणि कोस ही लांबीची मापे. गुंठा हे क्षेत्राचे माप असून त्यात १,०८९ चौरस फूट येतात, तर ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. त्यामुळे गुंठ्याची मिती (०, २, ०) आहे.

शेर या मापाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मापी शेर धान्याचे आकारमान मोजी, तर वजनी शेर वस्तुमान मोजी. नाव एकच असले तरी पहिल्याची मिती (०, ३, ०) आणि दुसऱ्याची (१, ०, ०) आहे. चार मापी शेरांची एक पायली होते. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर कुरमुरे यांचे वजन सारखे भरत नाही याचे कारण हेच. आकारमानावरून वस्तुमानाकडे जाण्यासाठी (१, −३, ०) मिती असलेल्या घनतेने गुणावे लागते आणि ती प्रत्येक जिनसाची वेगळी असते. म्हणून मापी शेराचे किलोग्रॅममध्ये सर्व धान्यांना लागू पडेल असे एकच रूपांतर देता येत नाही.

पाण्याची मापे: टीएमसी, क्युसेक आणि मिलिमीटर

पुणे शहराला पाणी पुरविणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या संदर्भात पावसाळ्यात तीन एकके रोज वापरली जातात. धरणसाठा अब्ज घनफुटांत (टीएमसी), विसर्ग क्युसेकमध्ये आणि पाऊस मिलिमीटरमध्ये सांगितला जातो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरानंतर या आकड्यांकडे शहराचे लक्ष असणे स्वाभाविकच आहे. या तिन्ही एककांच्या मिती भिन्न आहेत.

टीएमसी हे आकारमानाचे एकक असून त्याची मिती (०, ३, ०) आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. क्युसेक म्हणजे एका सेकंदात एक घनफूट. त्याची मिती (०, ३, −१) आहे आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. पावसाचे मिलिमीटर हे लांबीचे एकक असून त्याची मिती (०, १, ०) आहे.

क्युसेक या शब्दातच 'प्रतिसेकंद' अंतर्भूत आहे. त्यामुळे 'दहा हजार क्युसेक प्रतिसेकंद' ही शब्दयोजना चुकीची ठरते. तिची मिती (०, ३, −२) होते, म्हणजे विसर्ग किती आहे हे न सांगता तो किती वेगाने वाढत आहे असा तिचा अर्थ होतो. नदीकाठच्या वस्तीच्या दृष्टीने या दोन विधानांत मोठे अंतर आहे. त्याचप्रमाणे 'इतके टीएमसी पाणी सोडले' या विधानात किती वेळात हे सांगितलेले नसल्यास पुराविषयी काहीच कळत नाही.

साठा आणि विसर्ग यांची मिती काळाने वेगळी असल्यामुळे एकाला दुसऱ्याने भागले की काळ मिळतो. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १.९७ टीएमसी आहे. धरणात नवे पाणी येत नाही असे मानून दहा हजार क्युसेक विसर्ग ठेवल्यास हा साठा १,९७,००० सेकंदांत, म्हणजे सुमारे ५५ तासांत, संपेल. साखळीतील चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९.१५ टीएमसी आहे. यांपैकी खडकवासल्याचा वाटा लहान असल्याने वरच्या धरणांतून पाणी येऊ लागताच तेथून विसर्ग करावा लागतो. एक हजार क्युसेक विसर्ग अखंड चालू राहिल्यास एक टीएमसी पाणी वाहून जाण्यास सुमारे साडेअकरा दिवस लागतात.

पावसाचे मिलिमीटर आणि धरणाचा साठा यांची थेट तुलना करता येत नाही. लांबीला पाणलोट क्षेत्राने, म्हणजे (०, २, ०) मितीने, गुणले तरच आकारमान मिळते. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. शंभर चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पाऊस पडल्यास एक कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे ०.३५ टीएमसी, पाणी पडते. त्यांतील सर्वच पाणी धरणात पोहोचत नाही.

सिंचनशास्त्रातील 'ड्यूटी' हेही असेच उदाहरण आहे. एक घनमीटर प्रतिसेकंद विसर्गावर पिकाच्या संपूर्ण काळात किती हेक्टर भिजते ती त्या पाण्याची ड्यूटी. क्षेत्राला विसर्गाने भागल्यास तिची मिती (०, −१, १) येते. पिकाच्या काळाला ड्यूटीने भागले असता केवळ लांबी उरते. ही लांबी म्हणजे पिकाला दिलेल्या पाण्याची एकूण उंची होय. काळ दिवसांत आणि उंची मीटरमध्ये घेतल्यास या सूत्रात ८.६४ हा गुणक येतो. एका दिवसातील ८६,४०० सेकंदांना एका हेक्टरच्या १०,००० चौरस मीटरनी भागून तो मिळतो. १२० दिवसांच्या पिकाला ड्यूटी १,२०० हेक्टर असेल, तर पाण्याची उंची ०.८६४ मीटर येते.

मितीय समांगता आणि इंग्लिस यांची सूत्रे

समीकरणाच्या दोन्ही बाजूंची आणि प्रत्येक पदाची मिती एकच असली पाहिजे, या नियमास मितीय समांगतेचे तत्त्व म्हणतात. सैद्धांतिक सूत्रे हे तत्त्व उघडपणे पाळतात. निरीक्षणांवरून बसविलेली अनुभवजन्य सूत्रे मात्र वरवर पाहता ते मोडताना दिसतात. वास्तविक त्यांतील संख्यांमध्ये मिती दडलेली असते.

मुंबई इलाख्यातील पाटबंधारे अभियंता क्लॉड इंग्लिस यांच्या नावाने ओळखली जाणारी सूत्रे याची उत्तम उदाहरणे आहेत. इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातील प्रवाहमापनांच्या आधारे वार्षिक पावसावरून अपधाव, म्हणजे जमिनीवरून वाहून येणारे पाणी, काढण्याची दोन सूत्रे दिली. सह्याद्रीच्या घाट भागासाठी पावसाच्या ०.८५ पटीतून ३०.५ वजा करावेत. दख्खनच्या पठारासाठी पावसाला, पावसातून १७.८ वजा करून आलेल्या संख्येने गुणावे आणि २५४ ने भागावे. दोन्हींत पाऊस व अपधाव सेंटिमीटरमध्ये घ्यावयाचे असतात.

पहिल्या सूत्रात ०.८५ ही शुद्ध संख्या आहे, परंतु ३०.५ ही पावसातून वजा होत असल्याने तिची मिती लांबीच असली पाहिजे. ती ३०.५ सेंटिमीटर, म्हणजे बारा इंच, आहे. दुसऱ्या सूत्रात १७.८ ही लांबी असून ती सात इंचांइतकी आहे. पावसाला लांबीने गुणल्यावर लांबीचा वर्ग होतो. उत्तर लांबीत येण्यासाठी २५४ हीसुद्धा लांबीच असावी लागते आणि ती बरोबर शंभर इंच आहे. अशा रीतीने केवळ मितीच्या विचाराने मेट्रिक सूत्रामागील मूळ इंचातील रूप उलगडते.

हे न ओळखल्यास होणारी चूक लहान नसते. पठारावरील ६० सेंटिमीटर पावसासाठी दुसऱ्या सूत्राने अपधाव सुमारे १० सेंटिमीटर येतो. तोच पाऊस ६०० मिलिमीटर असा घेऊन त्याच सूत्रात घातल्यास उत्तर सुमारे १,३७५ मिलिमीटर येते. पडलेल्या पावसाच्या दुपटीहून अधिक पाणी वाहून आल्याचे हे उत्तर उघडच अशक्य आहे.

पंख्याच्या आकाराच्या पाणलोटातील महत्तम पुरासाठीचे इंग्लिस यांचे सूत्रही असेच आहे. पाणलोट क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घेऊन त्याला १२४ ने गुणावे आणि क्षेत्रात १०.४ मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे, म्हणजे पुराचा विसर्ग घनमीटर प्रतिसेकंदात मिळतो. १०.४ ही संख्या क्षेत्रात मिळविली जात असल्याने तिची मिती (०, २, ०) आहे. ती चार चौरस मैलांइतकी आहे. क्षेत्राला क्षेत्राच्या वर्गमुळाने भागल्यास लांबी उरते. विसर्गाची (०, ३, −१) ही मिती येण्यासाठी १२४ ची मिती (०, २, −१) असावी लागते. चौरस मैल आणि क्युसेक वापरणाऱ्या मूळ सूत्रात हा गुणक ७,००० आणि मिळवायची संख्या ४ आहे. ७,००० चे मितीनुसार रूपांतर केल्यास सुमारे १२३ येते, आणि प्रचलित १२४ त्याच्याशी जुळते.

हे रूपांतर विसरल्याचा परिणाम धरणाच्या सांडव्यावर होऊ शकतो. ५०० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी सूत्राने सुमारे २,७४० घनमीटर प्रतिसेकंद विसर्ग येतो. तेच क्षेत्र १९३ चौरस मैल असे घेऊन मेट्रिक गुणकांसह मांडल्यास उत्तर केवळ सुमारे १,६८० येते. पुराचा अंदाज जवळजवळ दोनपंचमांशाने कमी ठरतो, आणि त्यावर आखलेला सांडवा अपुरा पडतो.

सांडव्यावरून किंवा बंधाऱ्यावरून वाहणाऱ्या पाण्याचे सूत्रही याच प्रकारचे आहे. विसर्ग हा बंधाऱ्याची लांबी आणि माथ्यावरील पाण्याच्या उंचीचा दीड घात यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. मेट्रिक एककांत गुणक १.८४, तर फुटांत ३.३३ घेतात. विसर्गातील लांबीच्या ३ घातांकातून १ आणि १.५ वजा केल्यास गुणकाची मिती (०, ०.५, −१) येते. ही मिती गुरुत्वत्वरणाच्या वर्गमुळाची आहे. म्हणून १.८४ ला ९.८१ च्या वर्गमुळाने आणि ३.३३ ला ३२.२ च्या वर्गमुळाने भागले असता दोन्हीकडे सुमारे ०.५९ ही एकच शुद्ध संख्या मिळते. गुणकात गुरुत्वत्वरण दडलेले आहे हे अशा प्रकारे मितीवरून ओळखता येते.

खडकवासला येथील जलप्रतिकृती

खडकवासला धरणाच्या खालच्या अंगास केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्याचा एक विशेष विभाग म्हणून झाली. इंग्लिस यांनी या केंद्राचे दीर्घकाळ नेतृत्व केले. नद्या, धरणांचे सांडवे, बंदरे यांच्या लहान आकाराच्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडून निरीक्षणे घेणे हे या केंद्राचे एक मुख्य कार्य आहे. प्रतिकृतीतील मोजमापांवरून प्रत्यक्ष नदीतील मूल्ये काढण्याचा आधार मितीय विश्लेषण हाच आहे.

मोकळ्या पृष्ठभागाच्या प्रवाहात गुरुत्वाचा प्रभाव मुख्य असतो. प्रत्यक्ष नदी आणि प्रतिकृती या दोहोंत गुरुत्वत्वरण एकच असते. त्याची मिती (०, १, −२) असल्यामुळे लांबी ज्या प्रमाणात कमी होईल त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात काळ कमी व्हावा लागतो. प्रतिकृती शंभरपटीने लहान असल्यास काळ दहापटीने कमी होतो. वेगाची मिती (०, १, −१) असल्याने तो शंभर भागिले दहा, म्हणजे दहापटीने, कमी होतो. विसर्गाची मिती (०, ३, −१) असल्याने तो दहा लक्ष भागिले दहा, म्हणजे एक लक्षपटीने, कमी होतो. नदीतील १०,००० घनमीटर प्रतिसेकंद पूर अशा प्रतिकृतीत सेकंदाला केवळ १०० लिटर पाण्याने दाखविता येतो आणि नदीतील दहा तासांची घटना तेथे एका तासात पाहता येते.

या नियमामागे फ्रूड संख्या ही मितिहीन राशी आहे. वेगाला गुरुत्वत्वरण व खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागून ती मिळते. इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात जहाजांच्या प्रतिकृतींवर केलेल्या प्रयोगांवरून तिला हे नाव मिळाले. श्यानतेचा प्रभाव रेनॉल्ड्झ संख्या या दुसऱ्या मितिहीन राशीने मोजतात. प्रतिकृतीतही पाणीच वापरल्यास या दोन्ही संख्या एकाच वेळी सारख्या ठेवता येत नाहीत. फ्रूड संख्या राखण्यासाठी लहान प्रतिकृतीत वेग कमी करावा लागतो, तर रेनॉल्ड्झ संख्या राखण्यासाठी तो वाढवावा लागतो. म्हणून प्रतिकृती पुरेशी मोठी ठेवून श्यानतेचा परिणाम नगण्य राहील अशी योजना केली जाते.

मर्यादा

मितीची तपासणी चुकीचे सूत्र ओळखू शकते, परंतु सूत्र बरोबर असल्याची खात्री देऊ शकत नाही. गतिज ऊर्जेच्या सूत्रातील अर्धा किंवा लंबकाच्या आवर्तनकाळातील पायची दुप्पट हे गुणक शुद्ध संख्या असल्याने मितीवरून कळत नाहीत. लंबकाचा आवर्तनकाळ त्याच्या लांबीला गुरुत्वत्वरणाने भागून आलेल्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो आणि गोळ्याच्या वस्तुमानावर अवलंबून नसतो, एवढे मात्र मितीवरून सांगता येते.

भिन्न राशींची मिती एकच असू शकते. ऊर्जा आणि बलाचे परिबल या दोहोंची मिती (१, २, −२) आहे, तरी परिबल ज्यूलमध्ये सांगत नाहीत. कोन मितिहीन असल्याने अंश आणि रेडियन यांतील गफलत मितीने उघड होत नाही. एककावरून मिती निश्चित मिळते, परंतु मितीवरून एकक किंवा राशी निश्चित मिळत नाही.

एकाच मितीच्या दोन एककांतील घोळही या तपासणीतून निसटतो. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झाले. आवेगाची मूल्ये एका ठिकाणी पाउंड-बल-सेकंदांत दिली होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती न्यूटन-सेकंदांत गृहीत धरली गेली होती. दोन्ही एककांची मिती (१, १, −१) हीच आहे, परंतु मूल्यांत सुमारे ४.४५ पटीचा फरक आहे. म्हणून मितीबरोबर एककही प्रत्येक आकड्यापुढे लिहिणे आवश्यक मानले जाते.

अध्यापनातील स्थान

महाराष्ट्रात हा विषय इयत्ता अकरावीच्या भौतिकशास्त्रात एकके व मापन या पहिल्या प्रकरणात शिकविला जातो. राज्याची पाठ्यपुस्तके तयार करणारे 'बालभारती' हे मंडळ १९६७ पासून पुण्यात कार्यरत आहे. अध्यापनात बहुधा राशीच्या व्याख्येवरून मिती काढण्याची रीत दिली जाते. एककावरून मिती काढण्याची रीत तिला पूरक असून, व्याख्या विसरली तरी एकक लक्षात असल्यास उत्तर मिळविण्यास ती उपयोगी पडते. उत्तराची मिती अपेक्षित राशीशी जुळते किंवा नाही हे पाहणे ही गणित सोडविल्यानंतरची सर्वांत सोपी पडताळणी समजली जाते.